बातमीसोबत एक ओळ

आई-वडील आणि मोठी झालेली मुलं एकमेकांना बातम्या पाठवत असतात. त्यातल्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या बातम्यांसाठी हा धागा. पाठवण्याआधी काय बघायचं, कशी पाठवायची, समोरून आली तर काय करायचं, हे ज्यांना नीट जमतं त्यांनी लिहावं. किस्से नकोत, रीत सांगा.

*

नुसती लिंक कधीही पाठवू नका. एकट्या राहणाऱ्या आजींना शेजाऱ्यांनी सांभाळलं, अशी बातमी आईकडून एका शब्दाविना आली की मुलाला ती ‘लेकी बोले सुने लागे’ वाटते. मुलीने वडिलांना हृदयविकारातून वाचलेल्या माणसाची बातमी पाठवली की त्यांना वाटतं, आता गोळ्यांवरून बोलणी बसणार. कदाचित दोघांच्याही मनात तसं काहीच नसतं. बातमी आवडली, म्हणून पाठवली.

उपाय एका ओळीचा आहे, पण ती ओळ लिंकच्या आधी जायला हवी. लिंक आधी गेली तर तुम्ही टाइप करेपर्यंत समोरच्याने शीर्षक वाचून आपला अर्थ लावलेला असतो. ओळीत दोनच गोष्टी घाला: तुम्हाला काय भिडलं आणि ते बातमीत कुठे आहे. उदाहरणार्थ, ‘आई, त्या दोघी शेजारणींनी एकमेकींकडे घराची किल्ली ठेवली, तेवढं वाच. शेवटून तिसरा परिच्छेद.’ ‘वाचून रडू येईल’ असं लिहू नका. नाही आलं रडू, तर उत्तर काय द्यावं हे माणसाला कळत नाही आणि मग तो गप्पच बसतो.

आणि खरंच काही सुचवायचं असेल तर फोन करून सरळ सांगा. बातमीच्या आडून नको.

*

आधी तारीख बघा. हृदयस्पर्शी बातमी जुनी झाली तरी फिरत राहते, कारण तिच्यात शिळं होण्यासारखं काही नसतं. टोकियोच्या शिबुया स्टेशनवर मालकाची वाट पाहणारा हाचिको कुत्रा अजूनही ‘नुकतीच घडलेली घटना’ म्हणून येतो. त्याचे मालक १९२५ मध्ये वारले, हाचिको १९३५ मध्ये. पुतळा तर तो जिवंत असतानाच, १९३४ मध्ये, उभा राहिला होता. गोष्ट खरी आहे, जरूर पाठवा, फक्त वर्ष लिहून पाठवा.

दुसरं, फोटोखालचा मजकूर. सुदानच्या दुष्काळातलं मूल आणि मागे बसलेलं गिधाड, केव्हिन कार्टर यांचा हा फोटो मार्च १९९३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापला आणि १९९४ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. फॉरवर्डमध्ये हमखास ‘त्या मुलीला गिधाडाने खाल्लं’ असं लिहिलेलं असतं. ती मुलगी नव्हती, मुलगा होता. तो त्या दुष्काळातून वाचला, असं त्याच्या वडिलांनी २०११ मध्ये पत्रकारांना सांगितलं. फोटो अस्सल आणि खालची कहाणी बनावट, हा प्रकार पकडायला सगळ्यात अवघड. गूगल लेन्समध्ये फोटो टाका आणि सापडेल तितका जुना वापर उघडा. दोन मिनिटांचं काम आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजच्या वर दुहेरी बाण दिसला तर तो मजकूर मूळ माणसापासून निदान पाच हात फिरून आलेला असतो. असा मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलू नका, मूळ बातमी शोधून ती पाठवा.

*

वरच्याला जोड. आई-बाबांकडून चुकीची बातमी आली तर फॅमिली ग्रुपवर दुरुस्त करू नका, चार लोकांत त्यांना खाली पाहायला लागतं. वैयक्तिक मेसेज करा आणि ‘हे खोटं आहे’ने सुरुवात करू नका. आधी त्यांना त्यात काय आवडलं ते ओळखा, मग दुरुस्ती. ‘बाबा, तो मुलगा वाचला होता, हे बघा’ एवढं पुरतं. चुकून तुमच्याकडूनच गेली असेल तर ‘सर्वांसाठी डिलीट’ साधारण अडीच दिवसांपर्यंतच चालतं. त्यानंतर सरळ कबूल करा.

*

चालू असलेल्या घटनेबद्दल. २०१८ मध्ये थायलंडच्या गुहेत १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले. २३ जूनला आत गेले, २ जुलैला सापडले, १० जुलैला शेवटचे बाहेर आले. मधे ६ जुलैला बचावपथकातला एक माजी नौसैनिक पाणबुड्या मरण पावला. २ तारखेला ‘सापडली मुलं!’ म्हणून आनंदाने कळवलं, तर ६ तारखेचंही तुम्हीच कळवायचं. आनंदाचा तुकडा एकाकडून आणि दुःखाचा टीव्हीवरून, असं झालं की आईवडील रात्रभर एकटेच ते बघत बसतात. मृत्यूची बातमी असेल तर आधी फोन, मग लिंक.

*

अजून कागदी कात्रणं जपणारे आई-वडील आहेत, त्यांच्यासाठी थोडं लिहिते. कापण्याआधी समासात पेन्सिलीने वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान क्रमांक लिहा. कापल्यावर यातलं काहीच शिल्लक राहत नाही. सेलोटेप लावू नका, काही वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन अक्षरं खातो. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन असतं, उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं. म्हणून कात्रण अंधारात, आम्लविरहित कागदाच्या दोन पानांमध्ये ठेवा.

मुलांना फोटो पाठवताना कात्रणाखाली काळा कागद ठेवा, म्हणजे मागच्या बाजूची अक्षरं उमटत नाहीत. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड बाजूने, फोन कागदाला समांतर. लांब बातमी एका फोटोत कोंबू नका, प्रत्येक स्तंभाचा वेगळा फोटो काढा आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साध्या फोटोत बारीक अक्षरं चिरडली जातात.

उलट दिशेनेही तेच. आईला बारीक अक्षर दिसत नसेल तर स्क्रीनशॉट नको, लिंक द्या. लिंकमधली अक्षरं दोन बोटांनी मोठी होतात आणि अँड्रॉइडच्या ‘सिलेक्ट टू स्पीक’ने फोन बातमी वाचूनही दाखवतो. पण तिचा आवडता परिच्छेद असेल तर तो स्वतः वाचून व्हॉइस नोट करा. पाऊण मिनिटाच्या आत बसतो.