अमेरिकेतल्या मंडळाची वर्गणी पूरग्रस्त गावातल्या संस्थेला कशी द्यायची?

जर्सीकर:
नमस्कार मंडळी. माझं माहेर परंड्याजवळचं, सीनाकाठचं. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या पुरानंतर इथे न्यू जर्सीत आमच्या मराठी मंडळाने दसऱ्याच्या कार्यक्रमात वर्गणी काढली. पैसे मंडळाच्या खात्यात पडून आहेत. गावातली एक छोटी संस्था चारा आणि बियाणं पुरवतेय, माणसं ओळखीची आहेत. त्यांना फोन केला तर म्हणाले, "ताई, पाठवू नका, आमच्याकडे एफसीआरए नाही." मग पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेला विचारलं की तुम्ही घ्या आणि पुढे गावात द्या. त्यांनीही नाही म्हटलं. आपलीच माणसं, आपलाच पैसा, मग अडतंय कुठे?

हिशेबनीस:
ताई, दोघांनीही बरोबरच सांगितलं. मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका संस्थेचे हिशेब बघतो. पूर ओसरायच्या आत हाच प्रश्न घेऊन आम्हालाही फोन आले.

एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा. तो २०१० चा, त्यात २०२० साली दुरुस्ती झाली. परदेशात स्थापन झालेलं कुठलंही मंडळ, क्लब किंवा ट्रस्ट हा कायद्याने परदेशी स्रोत, मग सभासद झाडून सगळे मराठी असोत. वर्गणी मंडळाच्या खात्यात गेली म्हणजे ती देणारं मंडळ. असा पैसा घ्यायला संस्थेकडे एरवी या कायद्याखालची गृह मंत्रालयाची नोंदणी लागते आणि तो आधी दिल्लीत, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरावा लागतो. नोंदणी हवी तर संस्था किमान तीन वर्षं जुनी पाहिजे आणि मागच्या तीन वर्षांत तिने कामावर १५ लाख तरी खर्च केलेले पाहिजेत. गावातल्या पोरांनी उभ्या केलेल्या संस्थेकडे हे कुठून असणार?

पुण्याचा नकार याच कायद्याच्या कलम ७ मुळे. पूर्वी एक नोंदणीकृत संस्था दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे निधी वळता करू शकत होती. २०२० पासून तेही बंद. नुसता पैसाच नाही, बाहेरून आलेल्या वस्तूही त्यात मोडतात. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत परदेशातून आलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर छोट्या संस्थांकडे पोचवताना मोठ्या संस्था याच कलमाशी येऊन अडल्या.

हिशेब मागायला माझा विरोध नाही, तो मागायलाच हवा. पण हे कलम आपत्तीत फार जाचक ठरतं. रात्री पाणी चढलं तेव्हा ट्रॅक्टर घेऊन गेली ती गावातलीच पोरं. कुणाच्या दावणीची किती जनावरं गेली, कुणाची जमीन खरवडून खाली मुरूम उघडा पडला, कुणाच्या सोयाबीनला शेतातच कोंब फुटले, सगळं त्यांना तोंडपाठ. आणि परदेशी मंडळाचा रुपया मोठ्या संस्थेमार्फतही कायद्याने त्यांच्या हाती जाऊ शकत नाही.

लातूरवाला:
पण आपलं सरकार परदेशी मदत घेतच नाही ना? २०१८ च्या पुरात केरळला आखाती देशाची मदत घेऊ दिली नव्हती.

हिशेबनीस:
ते सरकारांनी सरकारला द्यायच्या मदतीचं, २००४ च्या त्सुनामीपासूनचं धोरण. त्याच वेळी अनिवासी भारतीय आणि परदेशी फाउंडेशनांनी पंतप्रधान व मुख्यमंत्री निधीत द्यावं असं केंद्राने सांगितलं होतं. संस्थांचा कायदा वेगळा आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

जर्सीकर:
समजलं. मग आता आम्ही करायचं काय? आमच्यात निम्म्यांकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे.

हिशेबनीस:
मग काम सोपं झालं. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी निधी धरत नाहीत. त्या निम्म्यांना वर्गणी परत करा. ज्याने त्याने आपल्या एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून थेट गावातल्या संस्थेला पाठवावी, सोबत पासपोर्टची प्रत द्यावी. अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्यांना हे चालत नाही, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी.

उरलेल्यांचा पैसा मुख्यमंत्री सहाय्यता निधीला जाऊ शकतो. २०२५ च्या मे महिन्यात त्याला एफसीआरएची मान्यता मिळाली, देशात असा निधी पहिला आपलाच. पण पैसा परंड्यातच लागावा असं वाटत असेल तर तिथे स्वतः काम करणारी नोंदणीकृत संस्था शोधा. तिने स्वतः बियाणं विकत घेऊन शेतकऱ्याच्या हातात दिलं तर कलम ७ आड येत नाही. यादी तुमच्या गावातल्या पोरांकडून घ्या. त्यांच्याइतकी खरी यादी कुणाकडेच नसेल.

तिसरी वाट गृह मंत्रालयाच्या पूर्वपरवानगीची. नोंदणी नसलेली संस्था ठरावीक देणगीपुरती ती मागू शकते, तुमच्या मंडळाचं हमीपत्र जोडून. पण त्याला वेळ लागतो. गाळाने भरलेल्या विहिरींच्या कामाला चालेल, चाऱ्याला नाही.

परंडा, भूम भागात काम करणाऱ्या दोन संस्थांची नावं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पैसे पाठवण्याआधी गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्यांची नोंदणी चालू आहे ना ते मात्र बघा, मुदत पाच वर्षांचीच असते.