अर्धा घेतला नाही म्हणून मी चोर?

नऊनंबरी:
आपल्या पूलच्या स्पर्धेत आधी खेळाडूंचा लिलाव होतो. सगळ्यात मोठी बोली लावणारा शेठ त्या खेळाडूचा मालक, बक्षीस त्याला. खेळाडूला वाटलं तर अर्धी बोली भरून तो स्वतःचा अर्धा हिस्सा परत घेऊ शकतो. त्यावर काल इथेच एका शेठनी लिहिलं, "लिलावात जो खेळाडू स्वतःचा अर्धा हिस्सा परत घेत नाही, तो आधीच दुसऱ्या कोणाला विकला गेलेला असतो. असल्यांना बोलीला उभंच करू नका." नाव घेतलं नाही. पण मागच्या रविवारी सोळा जणांत अर्धा न घेणारा मी एकटाच होतो, तेव्हा ते कोणाला उद्देशून होतं हे कळायला ज्योतिषी नको.

हिशेब मांडतो. एंट्री 500, ती मी भरली. माझी बोली 300 पासून सुरू झाली, दोन शेठ इरेला पेटले आणि मी 4,500 ला गेलो. माझा खेळ फार तर 1,500 चा, हे मीच सांगतो. मग मार्करने, म्हणजे स्कोअर लिहिणाऱ्याने विचारलं, अर्धा घेतो का? म्हणजे 2,250 रोख, पहिला ब्रेक (सुरुवातीचा शॉट) व्हायच्या आत. माझ्या खिशात मेट्रोने घरी जाण्यापुरते आणि एका तर्री पोह्याचे होते. नाही म्हटलं.

गल्ला जमला 31,000. पहिल्याच्या मालकाला निम्मे म्हणजे 15,500, दुसऱ्याच्या मालकाला 9,300, तिसऱ्याच्या 6,200. मी आलो चौथा. शेठचे साडेचार हजार बुडाले, म्हणून मी विकाऊ? माझ्यावर बोली किती लावायची हे मी ठरवलं होतं का? अर्धा घेणं हा खेळाडूचा हक्क आहे. हक्काची सक्ती कधीपासून झाली?

इतवारीवाला:
मीच लिहिलं होतं. नाव घेतलं नव्हतं, तूच धावत आलास. चोराच्या मनात चांदणं.

आता उरलेलं मी सांगतो. तिसऱ्या नंबरची मॅच, 6-6, शेवटचा रॅक (डाव). टेबलावर फक्त नऊ नंबरचा बॉल, जो घालेल तो जिंकला, आणि तो कोपऱ्याच्या खड्ड्याच्या तोंडाशी बसलेला. मारायचा सफेद बॉल हातभर मागे, एका रेषेत. माझ्या पोरीनेही घातला असता. तू चॉक लावला, परत लावला, तिसऱ्यांदा लावला. नऊ पडला आणि मागोमाग सफेदही गेली. फाउल. नऊ परत टेबलावरच्या स्पॉटवर, सफेद समोरच्याच्या हातात, हवी तिथे ठेवायला, खेळ खल्लास. खिशातले 2,250 अडकलेले असते ना, तर सफेद जागच्या जागी थांबली असती.

नऊनंबरी:
शेठ, सरळ शॉटमध्ये क्यू जरासा वर लागला की सफेद बॉलच्या मागे जातेच. हात कापत होता म्हणून वर लागला. तुम्ही खुर्चीवर बसून दर दोन मिनिटांनी "आरामात, आरामात" ओरडत होता, त्याचं काय? मालकाने शॉट चालू असताना तोंड उघडायचं नाही, हा नियम कोणासाठी आहे?

चॉकनिळा:
+1. मालकाने सल्ला द्यायचा नाही, टेबलाच्या रेषेत उभं राहायचं नाही, आणि हरल्यावर खेळाडूला पार्किंगमध्ये गाठायचं नाही. आपल्याकडे तिन्ही होतं.

आणि लिलाव चालू असताना टेबलावर खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्न्या ठेवणाऱ्यांचं काय करायचं? त्याच बोटांनी मग क्यू धरतात. मागच्या महिन्यात कापडावर असा डाग पडला की त्यावरून बॉल वळून राहिला होता. आधी यावर नियम करा, मग अर्धा नि पाव.

सदरचा मार्कर:
बावीस वर्षं मार्करी केली आहे, दोन शब्द मीही बोलतो. अर्धा घेतला नाही म्हणून कोणी मॅच सोडतो असं मी पाहिलेलं नाही. मॅच सुटते ती दुसरीकडून. एका पार्लरमध्ये (नाव नाही सांगत) एकाच माणसाने चार खेळाडू घेतले. फायनलचे दोघेही त्याचेच निघाले. पहिला आणि दुसरा, दोन्ही हिस्से त्याच्याच खिशात, मग कोण जिंकतो याची त्याला काय पडली? दोघे खेळाडू चहा पीत, गप्पा मारत खेळले. एकाने तर सोपा तीन नंबर सोडून माझ्याकडे पाहून डोळा मारला. स्कोअर लिहिताना मला लाज वाटली. ज्या बिचाऱ्याने साइडला पैज लावली होती, त्याला अजून वाटते की लढत झाली.

म्हणून मी म्हणतो, एकाने किती खेळाडू घेतले ते बोर्डावर लिहा. आणि दोघा फायनलिस्टांनी आपसात बक्षीस वाटून घ्यायचं ठरवलं असेल तर मालकांना आधी सांगा. अर्ध्याचं नंतर पाहू.

इतवारीवाला:
मार्करभाऊ, तुम्ही माझंच म्हणणं मांडून राहिले. स्वतःचा पैसा अडकला की माणूस मन लावून खेळतो.

सदरचा मार्कर:
नाही हो, उलट म्हणून राहिलो. पण जाऊ द्या.

कलम तीस:
भांडणाआधी एक विनंती. 1872 चा करार कायदा, कलम 30: पैजेचा करार रद्दबातल, वसुलीचा दावा चालत नाही. म्हणजे उद्या शेठनी बोली लावली आणि पैसे दिले नाहीत, तर तुम्ही फक्त तोंड पाहू शकता. त्यातून 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे, पण शेठ क्यू हातात घेत नाही, तो पैज लावतो. सूट आहे ती रेसकोर्सवरच्या घोड्यांना. आणि तुम्ही रकमा मांडून, तारखेसकट सगळं इथे लिहून राहिले. शाबास.

चॉकनिळा:
आला वकील. अहो, या लिलावाचं नावच कलकत्ता. तिथल्या इंग्रजांच्या घोड्यांच्या पैजेवरून पडलं, पुढे अमेरिकेत गोल्फ आणि पूलवाल्यांनी उचललं. स्नूकर तर 1875 ला जबलपूरच्या छावणीत जन्मलं, आपल्या नागपूरपासून तीनशे किलोमीटरच्या आत. आपल्याच गल्लीतला खेळ आणि आपणच घाबरायचं?

कलम तीस:
गोल्फचं नाव काढलंच तर पुढचंही ऐका. 1955, न्यूयॉर्कजवळचं डीपडेल क्लब. दोघांनी खोटा हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी सूट) सांगून कलकत्ता मारला, नंतर उघडं पडलं आणि गोल्फ संघटनेने असल्या लिलावांविरुद्ध भूमिका घेतली. स्वतःचा खेळ 1,500 चा सांगणारे आपल्याकडेही आहेत. मी कोणाचं नाव घेत नाही.

नऊनंबरी:
घ्या, आता मी खोटा हँडिकॅपवालाही.

भंडाऱ्याचे काका:
पोट्ट्यांनो, हे तुमचं पूल मले समजत नाही, पण शंकरपट, म्हणजे बैलजोडीची शर्यत, समजते. आमच्याकडे जोडीवर लोक पैसे लावत, हाकणाऱ्या धुरकऱ्यावर कोणी लावत नसे. बैलाले तुम्ही विचारता का, अर्धा घेतो का बाप्पा? तो धावते. 2014 ला बंदी आली, तवा माझ्या पांढऱ्याची ऐन उमेद होती. सात वर्षं दावणीले बांधून ठेवला. डिसेंबर 2021 ला कोर्टानं परवानगी दिली तवा तो म्हातारा झाला होता. कोणाले सांगू?

तर्रीएक्स्ट्रा:
काका, वाईट वाटलं. पण शेपट्या पिरगाळून आणि टोकदार आऱ्या टोचून पळवत होते म्हणूनच बंदी आली ना?

भंडाऱ्याचे काका:
कोण टोचे? ज्यानं पैसे लावले तो टोचे. मी आपल्या जोडीले कधी काडी नाही लावली. तू पट पाह्यला आहे का कधी, का नुसता मोबाइलवर?

तर्रीएक्स्ट्रा:
लाखनीजवळ पाहिला आहे. जोडी दाण (धावायची पट्टी) सोडून लोकांत घुसली, माझ्या मामाचा पाय मोडला. दोन महिने प्लास्टर. आयोजक विचारायलाही आले नाहीत.

भंडाऱ्याचे काका:
मामा दाणीच्या आत काहून उभा होता?

तर्रीएक्स्ट्रा:
काका, मामांवर जाऊ नका.

चॉकनिळा:
मे 2023 ला घटनापीठानेही शिक्कामोर्तब केलं, विषय संपला.

तर्रीएक्स्ट्रा:
कोर्टाने परवानगी दिली म्हणजे मामाचा पाय जुळला का बे? भैताडासारखं नको बोलू.

सदरचा मार्कर:
भैताड वगैरे नको. आणि बैल नको. पूलवर या.

इतवारीवाला:
काकांनी एक गोष्ट बरोबर सांगितली. जो टोचतो तो पैसेवाला. मी "आरामात" ओरडलो हे खरं. पण मी धीर देत होतो.

नऊनंबरी:
सोळा वेळा धीर? मी मोजलं.

इतवारीवाला:
बरं बाबा, तू पंचांगवाला. चल, मान्य, शॉट चालू असताना मालक गप्प. मार्करने बोर्डावर लिहावं. पण तूही एक मान्य कर. 4,500 झाल्यावर तू तिथेच उभं राहून "हे जास्त झालं, मी एवढ्याचा नाही" का नाही म्हटलं?

नऊनंबरी:
कारण शेजारी आमच्या कॉलनीतली दोन पोरं उभी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्यावर साडेचार हजार लावत होतं. छाती फुगली. हे मात्र माझं चुकलं.

कलम तीस:
हा कबुलीजबाब मी जपून ठेवतो.

नऊनंबरी:
ठेवा. शेठ, पुढच्या रविवारी मला घेतलंत तर अर्धा घेतो. पण महिनाअखेर आहे. निम्मे तेव्हा देतो, उरलेले पगार झाला की.

इतवारीवाला:
चालेल. मी थांबतो.

सदरचा मार्कर:
कोणी थांबणार नाही. ब्रेकच्या आधी रोख, नाही तर हिस्सा नाही. आता तुम्ही दोघं दोस्त झाले म्हणून माझ्या बोर्डावर उधारी चढणार नाही.

भंडाऱ्याचे काका:
रविवारी कुठे आहे हे? पाहायले येतो. खुर्ची ठेवा, दाणीच्या बाहेर.