२०२६ची ग्रहणं आणि गोव्याचे देवचार एकाच कॅलेंडरात छापावेत का?

वाचनालयवाला (डिचोली)

आमच्या वाचनालयाचं भिंतीवरचं कॅलेंडर दरवर्षी मीच जुळवतो. यंदा डोक्यात एक खूळ आलं. प्रत्येक महिन्याच्या तळाला दोन ओळी छापायच्या: एक त्या महिन्यातल्या आकाशाची, दुसरी आपल्याकडच्या भुताखेतांच्या, देवचारांच्या तारखेची. समितीत यावरून एवढी वादावादी झाली की चहा निवला. छापखाना वीस तारखेच्या आत मजकूर मागतोय, म्हणून इथे विचारतो.

माझं म्हणणं असं. या दोन यादींची तारीख ठरवणारा कारकून एकच आहे, तो म्हणजे चंद्र. साळचे गडे, म्हणजे देवचाराच्या चुडीमागून (मशालीमागून) राती डोंगरात धावणारे भक्त, होळी पुनवेला; पेडण्याची पुनव, म्हणजे तिथल्या भूतनाथाचा उत्सव, कोजागरीला. आजीने 'आज अवस, तिन्हीसांजेनंतर वडाखाली जाऊ नको' म्हटलं की आम्हाला पंचांग न बघता तिथी कळायची. आज पोरांना अवस कधी ते मोबाइल सांगतो, पण वर बघून काळोख आहे की चांदणं हे सांगता येत नाही.

जानेवारीचंच घ्या. ६ तारखेला कासावलीच्या टेकडीवर तीन राजांचं फेस्त. १० तारखेला गुरू प्रतियुतीत, म्हणजे सूर्य मावळताना पूर्वेला उगवून रातभर डोक्यावरून जाणार. ताऱ्यामागून बाळ येशूकडे चालत आलेल्या राजांच्या फेस्ताला (उत्सवाला) आभाळात ऐन भरातला गुरू! केपलरसुद्धा त्या ताऱ्याचा मेळ इसवी सनपूर्व ७ मधल्या गुरू-शनी युतीशी लावत बसला होता. मला हे एका पानावर बघायला आवडेल. तुम्हाला?

प्रयोगवही (फोंडा)

नाही आवडणार. मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो, म्हणून थोडं चिडून लिहितोय, राग मानू नका.

एका पानावर, एका टायपात, एकाखाली एक छापलं की दोन्ही ओळींचं वजन सारखं होतं. '३ मार्च, चंद्रग्रहण' आणि खाली 'साळला देवचार दिसतो'. माझ्या वर्गातला पोरगा दुसऱ्या दिवशी विचारणार, सर, ग्रहण असलं की देवचार जास्त दिसतो का? मी काय सांगू?

आणि तुमच्या मार्चच्या पानाला आधीच घोळ आहे. सगळीकडे 'खग्रास चंद्रग्रहण' छापून येईल. खग्रास भाग संध्याकाळी ४.३४ ते ५.३३. तेव्हा आपला चंद्र क्षितिजाखाली. खंडग्रास संपतं ६.४७ला आणि आपल्याकडे चंद्र उगवतो त्याच्या जेमतेम काही मिनिटं आधी. पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे ती वेगळीच. म्हणजे गोव्यात दिसणार काय, तर कडेला चिमटीएवढा काळा डाग, तोही डोंगर आडवा आला नाही तर. पण लोक दुपारपासून वेध पाळून पाण्यात दर्भ टाकून बसणार. दोन ओळींची जागा असेल तर हे छापा.

होळीच्या रातींना साळच्या डोंगरात देवचाराची चूड म्हणून दिसणाऱ्या दिव्यांबद्दल म्हणाल तर काजवे, दलदलीतला वायू, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे आपले डोळे. मिट्ट काळोखात एकटा बारीक दिवा टक लावून बघत राहिलात तर तो जागचा न हलताही हलतो, सरकतो असं वाटतं. मानसशास्त्रात हे शंभरदा तपासून झालंय.

साळचीच

मास्तर, मार्चमध्ये काजवे? आमच्याकडे काजवे मे संपता संपता, पहिल्या पावसाच्या वासावर येतात. आणि फाल्गुनात शेतं अशी भेगाळलेली असतात की दलदल शोधायला टँकर बोलवावा लागेल. डोळ्यांचं म्हणता ते असेलही. पण खोडायचं असेल तर आधी ऋतू तरी बघून खोडा.

आता ज्याने धागा काढला त्याच्यावर माझा जास्त राग आहे. 'भुताखेतांच्या तारखा' हे काय? माझे वडील गडे होते. होळीनंतरच्या तीन राती गडे धोतर नेसून, अनवाणी, डोंगरात देवचाराच्या चुडीमागून धावतात. काहींना देवचार लपवून ठेवतो नि मग परत आणून सोडतो, असं गाव मानतं. त्याला आम्ही देवकार्य म्हणतो. देवचार हा आमचा राखणदार. त्याला घोंगडी, काठी, वहाणा, विडी. तुमच्या यादीत तो 'हॉरर'च्या रकान्यात बसणार, शेजारी भोपळ्याला डोळे काढलेले.

आणि अजून एक. कॅलेंडर कुणीतरी फोटो काढून पुढे पाठवणार. तीन वर्षांमागे डोंगराच्या पायथ्याशी एवढे मोबाइल उजेडात होते की चूड कुठली आणि टॉर्च कुठली हे गड्यांनाच कळेना. मी घरी परत आले. छापू नका, एवढंच.

रातपाळी (कळंगुट)

मी एका हॉटेलच्या रिसेप्शनवर रातपाळी करतो, तेव्हा या विषयातला तज्ज्ञ मीच! :)

पाहुणे 'हॉन्टेड गोवा'ची यादी मोबाइलवर घेऊनच येतात. एक नंबर कासावलीची कपेल (छोटं चर्च). तीन पोर्तुगीज राजे, एकाने दोघांना जेवणात विष घातलं, मग स्वतःही मेला, म्हणून तिघांची भुतं. अहो, गोव्यात राज्य करायला पोर्तुगालचे तीन राजे कधी आले होते? इथे होते ते व्हाइसरॉय आणि गव्हर्नर. फेस्तातले राजे म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेले बायबलातले, त्यांच्या वेषात आजूबाजूच्या वाड्यांवरचे तीन मुलगे मुकुट घालून घोड्यावरून टेकडी चढतात. त्या तीन मुलग्यांची कुणीतरी भुतं करून टाकली.

तेव्हा लोककथा आणि गिऱ्हाइकासाठी रचलेली कथा यांत फरक करा. यंदा १३ तारीख शुक्रवारी तीनदा येते, फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर. आमच्या बारवाल्याने आत्तापासून पार्टीचं ठरवलंय. ते तुमच्या कॅलेंडरात येणार का? आपल्याकडे शुक्रवार म्हणजे देवीचा वार, त्याला कोण घाबरतं?

वाचनालयवाला (डिचोली)

@साळचीच, 'भुताखेतं' शब्द माझा चुकला. ताई, माफ करा. मी साळपासून आठ-दहा किलोमीटरवर राहतो आणि हे मला कळायला हवं होतं. रकान्याचं नाव बदलतो.

@रातपाळी, शुक्रवार १३ येणार नाही. कासावलीचं विष तर नाहीच.

पण @प्रयोगवही, तुम्ही आकाशाची ओळ सोवळी आणि गावाची ओवळी असं जे धरलंय ना, ते मला पटत नाही. २४ डिसेंबरला 'सुपरमून' असं सगळी वर्तमानपत्रं छापणार. हा शब्द कुणी काढला? १९७९मध्ये एका अमेरिकन ज्योतिष्याने, खगोलशास्त्रज्ञाने नव्हे. ३१ मेला 'ब्लू मून'. म्हणजे काय, तर इंग्रजी महिन्यात दुसरी पौर्णिमा. चंद्राला त्याचं काही नाही, निळाही होत नाही. हा अर्थसुद्धा १९४६मध्ये एका अमेरिकन मासिकाच्या चुकीतून रूढ झाला. ही लोककथाच झाली की, फक्त विमानाने आलेली.

आणि गंमत बघा, यंदाच्या ३१ मेला आपल्याकडे कुठली पुनव आहे? अधिक ज्येष्ठाची. १७ मे ते १५ जून अधिक महिना. बारा चांद्रमास वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी कमी पडतात, ती तूट साठली की आपण एक महिना वाढवतो आणि त्यांच्याकडे कुठल्यातरी महिन्यात दोन पुनवा बसतात. हिशेब एकच. आमच्याकडे त्याचं वाण म्हणून जावयाला अनारसे, त्यांच्याकडे फोटो. हे एका पानावर छापलं तर पोरगा शिकेल की बिघडेल?

प्रयोगवही (फोंडा)

सुपरमूनचं मान्य. वर्गात मी तो शब्द वापरतो, आता जरा जपून वापरीन.

अधिक महिन्याची ओळ तर मी स्वतः लिहून देतो, ती उत्तम आहे. पण बघा, ती उत्तम का आहे? तिथे हिशेब आहे, कुणीही मांडून बघू शकतो. सुपरमून हे नाव ज्योतिष्याचं असलं तरी चंद्र त्या रात्री किती किलोमीटरवर आहे हे मोजता येतं. चुडीचं काय मोजणार? साळच्या ताई म्हणतात खोडू नका, बघायलाही येऊ नका. मग आम्ही करायचं काय?

साळचीच

काहीच करायचं नाही. प्रत्येक गोष्टीचं काहीतरी केलंच पाहिजे का? तुमच्या घरच्या देवघरात मी मीटर घेऊन येते का?

(काजव्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.)

प्रयोगवही (फोंडा)

काजव्यांचं चुकलं. वायूचंही बहुधा. डोळ्यांच्या मुद्द्यावर मी ठाम आहे.

गच्चीवाला (पणजी)

भांडण चालू द्या, मी फक्त कामाचं सांगतो. पंधरा वर्षं दुर्बीण खांद्यावर घेऊन हिंडतोय, कधी जुन्ता हाउसच्या गच्चीवरच्या वेधशाळेत, कधी सत्तरीत. तुमच्या आकाशाच्या निम्म्या ओळी पावसात वाहून जाणार, आधीच कापा.

९ जूनची शुक्र-गुरू युती: सुंदर, पण मिरगाच्या तोंडावर. १२ ऑगस्टचं खग्रास सूर्यग्रहण ग्रीनलँड, आइसलँड, स्पेनवाल्यांचं. आपल्याकडे तेव्हा रात्र, त्यामुळे वेधबिध काही नाही. त्याच रात्री ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव, आणि आपली दिव्याची अवस, म्हणजे चंद्राचा अडथळा शून्य. कागदावर बघितलं तर वर्षातली सर्वोत्तम रात्र! प्रत्यक्षात गोव्यात ऑगस्टमध्ये मी उल्का मोजायला बसलो की छत्री मोजतो. २८ ऑगस्टचं चंद्रग्रहण आपल्या सकाळी, तेही गेलं.

मग उरतं काय? दोन गोष्टी ठळक छापा. एक, मेच्या पहिल्या आठवड्यातला शून्य सावलीचा दिवस. पणजीला सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो, दुसऱ्यांदा ऑगस्टात, पण तेव्हा ढग. मेमध्ये भर दुपारी अंगणात तांब्या उपडा ठेवला की त्याची सावली त्याच्याच बुडाखाली जाते. शाळांना सुट्टी असते म्हणून कुणी बघत नाही, घरी बघा. दोन, १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री, मिथुनेतला उल्कावर्षाव. चंद्र कोवळा, रात्री लवकर मावळेल, आभाळ धुतलेलं. नेत्रावळी किंवा सत्तरीत जा. किनाऱ्यावर जाऊ नका, तिथे लेझर आभाळात फिरतात.

हो, आणि ताई म्हणतात त्या मोबाइलच्या उजेडाबद्दल मी शंभर टक्के त्यांच्या बाजूने. डोळा काळोखाला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, एक स्क्रीन पेटली की पुन्हा पहिल्यापासून. तुम्हाला चूड बघायची असो की उल्का, नियम तोच.

जुना पेडणेकार

सगळं वाचलं. वय झाल्याने सावकाश वाचतो.

आमची पुनव यंदा २५ ऑक्टोबरच्या राती. भूतनाथाला एका रातीत देऊळ बांधून हवं असतं, ते काही पुरं होत नाही, मग तो रुसून रानाकडे धावतो नि लोक पुढच्या वर्षी नक्की बांधू म्हणून समजूत काढतात. दरवर्षी. भगवतीच्या देवळापुढे रवळनाथ-भूतनाथाची तरंगं (देवांचे सजवलेले खांब), आणि झपाटलेल्या म्हणून आणलेल्या बायका. लहानपणी मी त्या बायकांकडे बघून फार भ्यायचो. पुढे त्यातली एक आमच्याच शेजारची निघाली. सासरी तिला जेवायला घालत नसत. त्या एका राती तिला मोठ्याने ओरडता येत होतं आणि कुणी गप्प बस म्हणत नव्हतं. मास्तर, हे कशाने मोजाल? आणि ताई, यालाही नुसतं देवकार्य म्हणून मी गप्प बसू शकत नाही. तिला पुनवेपेक्षा भाताची गरज होती.

आता ग्रहणाचं. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. कारवार-अंकोल्याकडे खग्रास, आमच्याकडे थोडकं उरलं होतं. मी दहा वर्षांचा. आईने दारं-खिडक्या लावून फटींत कपडा कोंबला. रस्त्यावर कुत्रं नाही. साडेतीननंतर कधीतरी घरात कातरवेळ झाली, कोंबड्या खुराड्यात शिरल्याचं ऐकू आलं. एक फट कपड्याविना राहिली होती, तिच्यातून भिंतीवर उजेडाची बारीक कोर पडली. मला वाटलं डाग आहे, म्हणून पुसायला गेलो. ती सूर्याची कोर होती हे पुढे कॉलेजात कळलं. तेवढंच माझं ग्रहण. भारतात पुढचं खग्रास ज्या पट्ट्यातून जाणार आहे, त्यात २० मार्च २०३४ला कारगिलची बाजू येते म्हणतात. तिथवर मी काही जात नाही.

वाचनालयवाला (डिचोली)

काका, ही भिंतीवरची कोर मी फेब्रुवारीच्या पानावर घालू का? नाव न घालता.

बाकी ठरलं ते असं. साळची तारीख छापणार नाही, मार्चला फक्त 'होळी पुनव, चंद्रोदयाला पूर्वेकडे बघा, ६.४७च्या आत' एवढंच. रकान्याचं नाव 'राती-बेराती'. मास्तर अधिक महिन्याचं लिहून देताहेत, तांब्याची सावली गच्चीवाल्यांकडून. पेडण्याच्या पुनवेचं काय लिहावं ते मला अजून उमगलेलं नाही. देऊळ लिहिलं तर ती बाई राहते.

साळचीच

'राती-बेराती' चालेल. डिसेंबरला उल्का बघायला आमच्या मळ्यात या, काळोख भरपूर आहे. मोबाइल दारात ठेवायचा. मास्तरांनीही.

जुना पेडणेकार

घाल रे, कोर घाल. बाईचं माझ्यावर सोड, चार ओळी पाठवतो, बसल्या तर बघ.

आणि २०२७चं कॅलेंडर करशील तेव्हा २ ऑगस्ट विसरू नको. सूर्यग्रहण आहे, आपल्याकडे खंडग्रास. पाऊस असणारच, तरी छाप. या खेपेला मी खिडकी उघडी ठेवणार आहे.