मदत हवी आहे: माक्याचं तेल महिनाभरही टिकत नाही

मंडळी, आई दर श्रावणात माक्याचं तेल करायची. ती गेल्यापासून मी करते, पण दोन वर्षं झाली, तेल टिकतच नाही. महिन्याच्या आत बुडाशी गढूळ साका आणि वर आंबूस वास.

माका आमच्या बांधावरचाच, पांढऱ्या बारीक फुलांचा. पान बोटांत चुरडलं की हिरवा रस बघता बघता काळा पडतो, त्यामुळे ओळखण्यात चूक नाही. अर्धा लिटर घाण्याचं खोबरेल, पाव किलो पाल्याचा रस, मूठभर जास्वंदीची पानं. लोखंडी कढई, मंद आच. (वैद्य कल्क, म्हणजे वाटलेला पाला, 1, तेल 4, रस 16 असं प्रमाण सांगतात. आई एवढा रस कधीच घालत नसे.)

अडतं ते उतरवण्याच्या वेळेशी. आई कापसाची वात तेलात बुडवून पेटवायची. तडतडली तर पाणी शिल्लक, शांत जळली की कढई खाली. माझी वात शांत जळते, तरी तेल बिघडतं. जास्त ठेवलं तर गाळ करपतो. तळाचा गाळ बोटांवर वळून बघतात, ती वळी मऊ हवी की कडक? की मी तेल गरम असतानाच बाटलीत भरते, झाकणाला आतून वाफ धरते, ते नडतं?

ज्यांच्याकडे वर्षभर टिकतं त्यांनी कृपया सविस्तर सांगा. लेक परवा डोकं पुढे करून म्हणाली, "आई, याला आजीच्या तेलाचा वास नाही गं."