मेट्रो आली, बिल्डिंगा आल्या... तुमच्या इथे काय झालं?

पौडरोडकर: काल पुण्यात वनाजला मेट्रोत बसलो तर शेजारची कॉलेजातली पोरं म्हणत होती मेट्रोच्या डेपोला एवढी जागा मिळाली कशी. म्हटलं बाळांनो, हा कोथरूडचा कचरा डेपो होता! वारा फिरला की आम्ही खिडक्या लावून बसायचो, पाहुणे यायचे असले की आई आधी उदबत्ती लावायची मग चहाचं आधण ठेवायची. आणि आता तिथलेच फ्लॅट 'मेट्रोपासून दोन मिनिटं' म्हणून विकतायत. तुमच्याकडचं लिहा, रेटचं रडगाणं पण चालेल

शशी_आयडियल: आमची तीन मजली सोसायटी, लिफ्ट नाही. स्टेशनच्या ५०० मीटरच्या आत चारपर्यंत एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम) मिळतो कळल्यावर रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा सुरू, ज्यांनी जन्मात मेंटेनन्स वेळेवर भरला नाही ते कार्पेट एरियावर भाषणं देत होते 😄 सध्या भाड्याच्या घरात आहोत, तुळशीवृंदावन बाल्कनीत मावेना म्हणून मामाकडे. भाडं बिल्डर देतो, पण दर महिन्याला फोन केल्याशिवाय नाही

जयाकाकू: अरे शशी पुढच्या तारखांचे चेक आधीच घ्यायचे असतात. बँक गॅरंटी तरी घेतलीत का

शशी_आयडियल: घेतली काकू, कमिटीत एक रिटायर्ड बँकवाले आहेत, ते बिल्डरला झोपू देत नाहीत

एसटीप्रेमी: शिवाजीनगरचा एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला हलवला, 'तात्पुरता'. २०२३ ला खाली मेट्रो पळायला लागली तरी स्टँड वाकडेवाडीलाच. सासूबाई नाशिकहून लोणच्याची बरणी घेऊन उतरतात आणि रिक्षावाला त्यांना बघूनच भाव ठरवतो

गिरगावकर_आता_दहिसर: मुंबईचं चालेल का? मेट्रोच्या तीन नंबर लाइनसाठी आमच्या तिकडच्या चाळी पाडल्या. ऑक्टोबर २०२५ ला गाडी कफ परेडपर्यंत गेली तेव्हा मुद्दाम गिरगावला उतरलो, वर आलो आणि आमचा जिना नक्की कुठे होता तेच कळेना. सुतारकाम करणारे एक काका अजून तिथेच आहेत, त्यांनी हाताने दाखवलं, इथे

पौडरोडकर: 🙏 चाळीचा फोटो असेल तर टाका

रास्ता_पेठ: आपलं पुण्याचं सिव्हिल कोर्ट स्टेशन ३३ मीटर खोल आहे, आमचे आजोबा दुसऱ्या सरकत्या जिन्यावर म्हणाले, पाताळात नेतोस का रे मला? वर पूर्वी सरकारी धान्य गोदाम होतं, उंदीर मांजराएवढे

हिंजवडी_हमाल: तुम्ही लोक मेट्रोत बसून आठवणी काढताय. आमच्या हिंजवडी मेट्रोसाठी विद्यापीठ चौकातला पूल २०२० ला पाडला आणि तेव्हापासून मी गणेशखिंड रोडवरच राहतो असं बायको म्हणते

जयाकाकू: 😂 घरून काम दे म्हणावं. बरं वनाजला स्कूटर कुठे लावता रे सगळे? मागच्या आठवड्यात माझी टो झाली

शशी_आयडियल: काकू आमच्या रिकाम्या प्लॉटसमोर लावा, वॉचमनला माझं नाव सांगा. चहा मात्र पाजावा लागेल त्याला