माशीची जात छायाचित्रावरून ओळखण्याबाबत

प्रश्न : रत्नागिरीत वाळत घातलेल्या बोंबलांवर बसलेल्या, निळसर-हिरव्या चकाकीच्या आणि लालभडक डोळ्यांच्या माशीची वरून व समोरून घेतलेली दोन छायाचित्रे जोडली आहेत; ही ल्युसिलिया (चकाकत्या हिरव्या माश्यांचा एक गट) असावी का?

उत्तर : अंगावरची चकाकी प्रकाशानुसार बदलते, त्यामुळे केवळ रंगावर विसंबू नये. समोरच्या छायाचित्रात गाल नारिंगी आहेत आणि डोळ्यांतील वरच्या भिंगिका (डोळा ज्यांचा बनतो ती बारीक भिंगे) खालच्यांपेक्षा ठळकपणे मोठ्या दिसतात, म्हणून हा ल्युसिलिया नसून क्रायसोमिया या दुसऱ्या गटातील क्रायसोमिया मेगासेफाला जातीचा नर असावा.

दुसरे उत्तर : सहमत आहे, तरीही त्याच गटातील क्रायसोमिया रुफिफेसिस ही जात वगळण्यासाठी छातीच्या पुढच्या श्वसनरंध्राचे बाजूने छायाचित्र अवश्य घ्यावे, कारण मेगासेफालात ते गडद तपकिरी, तर रुफिफेसिसमध्ये पांढुरके असते.

प्रश्नकर्ता : आज तसे छायाचित्र मिळाले. रंध्र गडद तपकिरीच आहे; मनःपूर्वक आभार.