टॅटू झाकायला मे महिन्यात पूर्ण बाह्या?

संत्राबर्फी: भाच्याला नागपूरच्या सदर भागातल्या एका ऑफिसात नोकरी लागली, काम ग्राहकांशी बोलायचं. मनगटावर बाबासाहेबांची सही गोंदवलेली. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "उद्यापासून पूर्ण बाह्या." पारा 45 वर! माझ्या आजीच्या हनुवटीवर तीन टिंबं होती, हातावर तुळस. म्हणायची, मेल्यावर सोबत येणारा दागिना हा एकच. तिला कुणी झाक म्हटलं नाही.

कारभारी_काका: आजी काउंटरवर बसत होत्या का? मी तीस वर्षं माणसं निवडली. गिऱ्हाईक आधी बघतं, मग ऐकतं. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीतसुद्धा कोपराखाली आतल्या बाजूचा टॅटू फक्त डाव्या हातावर चालतो, कारण सलाम उजव्यानं. तोही त्या भागाच्या पाव हिश्श्याहून लहान हवा. शिस्त म्हणतात याला.

संत्राबर्फी: काका, तिथे कुठला हात, केवढा आकार, सगळं लिहून ठेवलंय. नाव आणि धार्मिक चिन्हं चालतात, हेही. आमच्याकडे हा मुलगा इंटरव्ह्यूला अर्ध्या बाह्यांत गेला होता, तेव्हा कुणाला खुपलं नाही. नियम निघाला रुजू झाल्यावर.

ठेचा_भाकर: काहून भांडून राहिले बाप्पा? दसऱ्याले दीक्षाभूमीवर जाऊन पाहा, टॅटूवाले बसून असतात, लोक हीच सही काढून घेतात. ती फॅशन नाही होय. त्या साहेबाच्या मनगटाले लाल दोरा असन तर तो कसा चालते, ते इचारा आधी.

रात्रपाळी: मी नर्स आहे. आमच्याकडे उलटंच! हात नीट धुता यावेत म्हणून कोपराखाली बाही नको, घड्याळ नको, अंगठी नको. टॅटू झाकणार कशानं? पेशंटला सुई नीट लागली की पुरे, मनगट कोण बघतंय. (माझ्या मनगटावर एक नाव आहे. माणूस गेला, नाव राहिलं. लेझरच्या चार बैठका झाल्या, अजून वाचता येतं. गोंदवायचंच तर बाबासाहेबांचं बरं.)

कारभारी_काका: दोऱ्याचं मान्य. दोन्ही चालावेत, नाहीतर दोन्ही नकोत. पण मानेवर कवटी काढलेला पोरगा मी इतवारीतल्या सराफाच्या पेढीवर बसवणार नाही, मग मला जुनाट म्हणा.

संत्राबर्फी: कवटीला माझाही विरोधच, काका. आजचं सांगते. ऑफिसचा एसी बंद पडला. दुपारी साहेबांनीच आधी बाह्या वर केल्या.